हेडफोनच्या किमतीत आवाजाचा वाटा किती?

महोदय,

जून लागला की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे शिकवण्यांसाठी बाहेरगावची मुले येतात. गादी, टेबल आणि पंख्याबरोबर त्यांच्या खरेदीत आता हेडफोनही असतो. लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास किंवा संभाजीनगरच्या पैठण गेटला मोबाइलच्या दुकानात उभे राहिले की मागणी कशी होते ते कळते. अमुक कंपनीचा द्या, काळा मॅट द्या, बेस भारी असेल तो द्या. आवाज कसा आहे हे विचारणारे गिऱ्हाईक क्वचित, आणि विचारलेच तर ऐकवून दाखवणारे दुकान त्याहून क्वचित. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही हेडफोनविषयी जे छापून येते त्यात रंग, बॅटरीचे तास आणि जाहिरात करणारा खेळाडू एवढेच असते. पालकांचे दोन-तीन हजार रुपये या एका वस्तूवर जातात, म्हणून हे सविस्तर पत्र.

हेडफोन हा मिरवण्याचा दागिना झाला त्याला फार वर्षे झालेली नाहीत. २००१ साली आयपॉडबरोबर पांढरी वायर आली आणि ती रस्त्यात दुरून ओळखू येऊ लागली. २००६ साली रॅपर डॉ. ड्रे आणि संगीत उद्योगातले जिमी आयोव्हिन यांनी ‘बीट्स’ कंपनी काढली. तिचा पहिला मोठा हेडफोन २००८ साली बाजारात आला. कानावरच्या वाटीवर ठळक ‘बी’, खेळाडूंच्या गळ्यात तोच हेडफोन, आणि खालचा आवाज, म्हणजे बेस, मुद्दाम उचललेला. २०१४ साली ॲपलने ही कंपनी ३०० कोटी डॉलरला घेतली. पुढच्या मॉडेलांत त्यांनी बेस बराच आवरता घेतला, पण तोवर बाजाराची चव ठरून गेली होती. आज हजार-दीड हजाराच्या नेकबँडवरही ‘एक्स्ट्रा बेस’ लिहिलेले असते ते त्यामुळेच.

याच्या उलट सोनीचा एमडीआर-७५०६ पाहा. हा हेडफोन १९९१ पासून जवळजवळ त्याच रूपात मिळतो आणि जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत वापरला जातो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० तर १९८०च्या दशकातला. दोन्हींचे रूप साधेच. ते घालून कोणी फोटो काढत नाही, पण गायकाच्या श्वासातली चूक त्यांत लगेच पकडता येते. २०१७ साली अमेरिकेतल्या अकूस्टिकल सोसायटीच्या संशोधन-पत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली होती. खालच्या, मधल्या आणि वरच्या आवाजांचा तोल कसा आहे आणि दुकानात किंमत किती आहे, यांचा एकमेकांशी काही मेळ लागला नाही. महाग तो चांगला, हा हिशेब हेडफोनला लागू पडत नाही.

म्हणून नावाजलेली कंपनी म्हणजे फसवणूक, असे मात्र आमचे म्हणणे नाही. चांगल्या कंपनीचे डावे आणि उजवे स्पीकर एकमेकांशी जुळवलेले असतात, वॉरंटी मिळते, सुटे भाग मिळतात. तेवढ्याचे पैसे जरूर द्यावेत. तक्रार आहे ती निव्वळ बिल्ल्यासाठी मोजल्या जाणाऱ्या पैशाची.

आता बेसकडे येऊ. तुळजापूरच्या गोंधळाचे ध्वनिमुद्रण घ्या. संबळाचे एक भांडे खर्जातले, दुसरे चढे. सोबत तुणतुण्याची तार आणि झांज. बेस फुगवलेल्या हेडफोनवर हे ऐकले की खर्जाच्या भांड्याची घुमक डोक्यात भरते, चढ्या भांड्यावर पडणाऱ्या काठीची धार बोथट होते आणि तुणतुणे जवळजवळ नाहीसे होते. हा कानाचाच धर्म आहे. खालचा आवाज जोरात असला की तो आपल्या वरच्या पट्टीतले हलके आवाज झाकून टाकतो. वरचा आवाज खालच्याला इतका झाकत नाही. त्यामुळे बेस वाढवला की फक्त बेस वाढतो असे नसते, वरचे बरेच काही त्याबरोबर जाते. अभंगातले टाळ, तानपुऱ्याची जवारी, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास, हे सगळे तिथेच हरवते.

विद्यार्थ्यांचे नुकसान याहून सरळ आहे. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने साधारण २,००० हर्ट्झच्या वर स्पष्ट होतात. बेसने ती दबली की तासाचे बोलणे गढूळ लागते, मग मुले आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीला हे तास निम्मे होतात. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला फक्त ५. दिवसाला सहा-सात तास कानात बड घालून व्याख्याने ऐकणाऱ्या मुलाने हा हिशेब स्वतः करून पाहावा.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी बहुतेक आवाजाविषयी काही सांगत नाहीत. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ जवळपास प्रत्येक खोक्यावर असते. त्यापुढे किती डेसिबलच्या फरकाने, हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. १३ मिमीचा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, १० मिमीच्या ड्रायव्हरपेक्षा चांगलाच असेल असेही नाही. पडदा, चुंबक आणि वाटीच्या आतली हवेची वाट यांची जुळणी महत्त्वाची. ईएनसी आणि एएनसी यांत तर दुकानदारही गल्लत करतात. ईएनसी फोनवर बोलताना समोरच्याला आपल्याकडचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून असते. आपल्या कानात येणारा पंख्याचा किंवा एसटीच्या इंजिनाचा आवाज एएनसी कमी करते. ईएनसीलाच ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणून जादा पैसे घेतले जातात. इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध, मात्र जरूर वाचा. फोनला थेट लावायचा असेल तर १६ ते ३२ ओहमचा हेडफोन बरा. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन फोनवर दबका वाजतो आणि लोक त्याला खराब ठरवतात. ब्लूटूथमध्ये एलडॅक, ॲप्टएक्स ही आवाज पाठवण्याच्या पद्धतींची नावे दिसली तर आपला फोन ते देतो का ते आधी पाहा. आयफोनवर त्यांपैकी एसबीसी आणि एएसी या दोनच पद्धती चालतात, तिथे एलडॅकचे पैसे वाया.

दुकानात पाच मिनिटे मिळाली तरी परीक्षा होते. आपला फोन, आपण शंभरदा ऐकलेले गाणे. फोनमधला इक्वलायझर आणि डॉल्बीसारखे सगळे परिणाम बंद करायचे. दोन हेडफोन तुलनेला घेतले तर दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्यायचा, कारण जरासा मोठा वाजणारा हेडफोन माणसाला नेहमी चांगला वाटतो. विक्रीची बरीच कला याच एका गोष्टीवर चालते. मग आधी बातम्या किंवा भाषण लावा. बोलणारा डोक्याच्या बरोबर मध्ये वाटला पाहिजे. तो एका बाजूला सरकलेला वाटला तर दोन स्पीकर जुळलेले नाहीत, किंवा एक नीट बसलेला नाही. त्यानंतर टाळ-झांजेचे काहीतरी ऐका. झंकार मागे रेंगाळत विरायला हवा, ‘छस्’ असा तुटायला नको. शेवटी खर्जातून वर चढत जाणारा चाचणीचा स्वर हळू आवाजात लावा. मध्येच कुठे खरखर किंवा फडफड झाली तर तो नग परत द्या.

बड घेताना सर्वांत मोठी चूक सिलिकॉनच्या टोप्यांची होते. खोक्यात तीन मापांच्या टोप्या असतात आणि बहुतेक लोक मधले माप कधीच बदलत नाहीत. टोपी सैल असली की कानातली हवा गळते, बेस पार जातो, आणि मग ‘आवाज पातळ आहे’ म्हणून आणखी बेसवाला नग मागितला जातो. मोठे माप घालून, कान थोडा वर ओढून, बड जरा फिरवत बसवा. दोन्ही कानांना एकच माप लागते असेही नाही. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये चष्म्याची काडी गादीखाली आली तरी हीच गळती होते.

ऑनलाइन तासाच्या वेळी नवा ब्लूटूथ हेडफोन ‘टेलिफोनसारखा’ वाजतो अशी तक्रार फार येते. त्यात बिघाड नसतो. हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक लॅपटॉपवर जोडणी संभाषणाच्या प्रकारात जाते आणि दर्जा एकदम घसरतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवा. आवाज लगेच मोकळा होतो.

टिकाऊपणात वायरचा हेडफोन अजून पुढे आहे. कानातल्या बडची बॅटरी जेमतेम ३० ते ६० एमएएचची. दोन-तीन वर्षांत ती दमते आणि बहुतेक मॉडेलांत ती बदलण्याची सोयच नसते. वायरच्या हेडफोनची वायर तुटते, पण ती दुरुस्त होते. त्यातला एक बिघाड सगळ्यांनी ओळखावा असा आहे. गाण्यातला गायक नाहीसा होतो, साज तेवढे पोकळ ऐकू येतात, आणि लोक स्पीकर गेला समजून हेडफोन फेकतात. स्पीकर शाबूत असतो. प्लगजवळ अर्थिंगची, म्हणजे दोन्ही स्पीकरची सामाईक, तार तुटलेली असते. ती तुटली की दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो. गायक दोन्हींत सारखा असतो, म्हणून तो वजा होतो.

दुरुस्तीला नवा ३.५ मिमी प्लग पुरतो. जुन्या प्लगपासून दोन-तीन सेंमी सोडून वायर कापा, कारण तूट तिथवरच असते. नव्या प्लगचे टोपण आधी वायरमध्ये ओवून घ्या. आतली लाल तार बहुधा उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची अर्थिंगची, पण मल्टिमीटरने खात्री करून घ्या. या तारांवर लाखेसारखा पातळ लेप असतो आणि आत नायलॉनचे धागे असतात. लेप न काढता सोल्डर मारले तर तार चिकटल्यासारखी दिसते, पण वाजत नाही. टोकाला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ) लावून ३५० ते ३८० अंश सेल्सिअसच्या सोल्डरिंग आयर्नवर वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात दोन-तीन सेकंद धरा. लेप जळून टोक चकचकीत झाले की मगच जोडा. प्लगचे टोक डाव्याचे, पुढचा कप्पा उजव्याचा, त्यापुढचा अर्थिंगचा, आणि माइक असेल तर शेवटचा त्याचा. काही जुन्या हेडफोनांत हे शेवटचे दोन उलट असतात.

कानावरच्या गाद्यांचे नकली चामडे आपल्याकडच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात, घामाने, लवकर सोलवटते. गादी फाटली की हवा गळते आणि आवाज बदलतो. म्हणून ज्याच्या गाद्या आणि वायर सुट्या मिळतात तो हेडफोन आधी पाहावा. बंद गाडीत काचेजवळ हेडफोन ठेवू नये.

‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकला जाणारा माल घेऊ नये. खोक्यावर एमआरपी, आयातदार किंवा उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवा क्रमांक असलाच पाहिजे. बिनतारी हेडफोनवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) नोंदणीचा ‘आर-’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कंपनी कळते. हा क्रमांक विजेच्या सुरक्षिततेचा आहे, आवाजाच्या दर्जाचा नाही, हेही ध्यानात ठेवावे. बिल असेल तर तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते.

आपल्याकडे मागणी एवढीच की पुरवणीत हेडफोनवर लिहून येईल तेव्हा त्यात आवाजाचा तोल, दोन्ही बाजूंची जुळणी, सुटे भाग आणि बॅटरी बदलण्याची सोय यांचा उल्लेख असावा. दुकानदारांनाही विनंती आहे. प्रत्येक किमतीतला एकेक नग ऐकण्यासाठी उघडा ठेवा. कानात घालायची वस्तू दुसऱ्याला कशी द्यायची, ही त्यांची अडचण खरी आहे. त्यासाठी टोप्यांचे चार-पाच जादा जोड ठेवावेत, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर टोपी काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावी. ओली टोपी बसवली तर ओल जाळीतून आत जाते आणि नग खराब होतो.

आपले,
ध्वनियंत्रणा व दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, लातूर