इथले तीन म्हणजे सकाळचे नऊ

नैरोबी

ती. आई आणि आप्पांना सा. न.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाळू म्हणेलच. पण फोनवर आई ‘जेवलीस का’च्या पुढे सरकू देत नाही, आणि आप्पा, तुम्ही ‘हं, बरं आहे ना’ करून फोन आईकडे देता. ऑफिसातली एकजण मुंबईला निघाली आहे, तिच्याकडे हे देते. बाळ्या, आईला सगळं वाचून दाखव. मधलं गाळायचं नाही.

आधी तुमच्या काळज्या. जेवते. तूरडाळ, पोहे, हिंग, सगळं मिळतं, गुजराती दुकानं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. दुकानाला इथे ‘दुका’च म्हणतात, चहाला ‘चाय’, चपातीला ‘चपाती’. सिंह शहराला लागून असलेल्या जंगलात आहेत आणि शहराच्या बाजूने कुंपण आहे. मावशीला सांगा, मी त्या रस्त्याने जातसुद्धा नाही. मलेरियाचं म्हणाल तर नैरोबी महाबळेश्वरापेक्षा उंचावर आहे, जुलैत स्वेटर लागतो. मला दोनदा मलेरिया झाला तो मानखुर्दला, हे विसरू नका.

आता एक गंमत. इथे बोलताना लोक दिवस उगवल्यापासून तास मोजतात. म्हणजे सकाळचे सात वाजले की स्वाहिलीत ‘एक’. आठ म्हणजे ‘दोन’. भर दुपारचे बारा म्हणजे ‘सहा’. संध्याकाळी सात वाजले की परत ‘एक’. विषुववृत्त जवळ, त्यामुळे दिवस-रात्र बारा महिने जवळपास सारखेच, म्हणून हे जमतं. गोंधळ असा की मनगटावरचं घड्याळ आपल्यासारखंच असतं. काटा नवावर आणि तोंडात ‘तातू’, म्हणजे तीन. इंग्रजीत बोलले तर नऊ म्हणतील, त्याच माणसाने स्वाहिलीत सांगितलं तर तीन. सहा मिळवायचे की वजा करायचे हे मी हातावर पेनाने लिहून ठेवलं होतं. पहिल्या महिन्यात वस्तीतल्या मीटिंगला ‘सा तातू’ला बोलावलं, मी आपली उन्हातून दुपारी तीनला हजर. खुर्च्या उचललेल्या, एक कोंबडी फिरत होती. चपात्या लाटणाऱ्या एक बाई हसून हसून खाली बसल्या. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. इथे बाईमाणसाला मामा म्हणायची रीत आहे, आपल्या मामाला कळवू नका.

काम काय करतेस, असं आप्पांनी विचारलं होतं. आईने जे केलं तेच, वस्तीतल्या लोकांना धरून घरा-पाण्याचं काम करते, फक्त पगार घेऊन. मुकुरू नावाची मोठी वस्ती आहे, लाखाच्या वर कुटुंबं. जमीन कारखान्यांसाठी म्हणून सरकारने कधीकाळी खाजगी लोकांना दिली, कारखाने आले नाहीत, पत्र्याच्या खोल्या आल्या. लोक त्यांचं भाडं भरतात आणि पाणी वीस लिटरच्या कॅनने विकत घेतात. इमारतीत नळाने पाणी घेणाऱ्यापेक्षा यांना लिटरमागे जास्त पडतं. 2017 साली नैरोबीच्या काउंटी सरकारने वस्ती ‘विशेष नियोजन क्षेत्र’ जाहीर केली आणि आराखडा एकट्याने करायचा नाही असं ठरवलं. चाळीसच्या वर संस्था, विद्यापीठं, सरकारी खाती आणि वस्तीतल्या लोकांची संघटना, सगळे एका टेबलाशी. दहा-दहा घरांचा गट, त्यातून एक माणूस. रस्ते झालेत, काही भागात गटारं झाली आहेत, जमिनीचं घोंगडं भिजत पडलंय. मीटिंगा मात्र आपल्यापेक्षा लांब.

आई, त्या संघटनेच्या बायका बचत करतात त्याला ‘चामा’ म्हणतात. भिशीच म्हण. मी त्यांना तुझी प्लॅस्टिकची पिशवी सांगितली, अक्षर न येणाऱ्या बायकांसाठी रुपयाला एक रंग, पाच रुपयांना दुसरा, तेवढे कागदाचे चौकोन. साडीची लांबी धरून तुम्ही घर मोजायचात तेही सांगितलं. त्यांनी लगेच लेसो, म्हणजे कमरेला गुंडाळतात ते कापड, सोडून मोजून बघितलं.

आणि एक खरं सांगू? मला इथे घेतलं ते तुझ्यामुळे. 2004 मध्ये इथल्या रेल्वेने रुळाकाठच्या लोकांना जागा सोडायची नोटीस दिली होती. पाडापाडी टळली, आणि रेल्वेचे साहेब नि वस्तीतली माणसं मुंबईला आली, आपल्याकडे रुळावरच्या लोकांनी स्वतःची मोजणी करून घरं कशी मिळवली ते बघायला. त्या वर्षी आपल्या नव्या खोलीत पाहुणे आले होते, तू कपबशा शेजारून मागून आणल्या होत्यास. ते हेच असणार असं मी इथे छाती फुगवून सांगते.

गेल्या महिन्यात त्या मामांनी विचारलं, ‘तुझ्या आईच्या बिल्डिंगमध्ये आता सगळं नीट आहे ना? लिफ्ट कोण बघतं?’ मी म्हटलं, सोसायटी बघते. खोटं नाही बोलले. पण लिफ्ट चौदा महिने बंद आहे आणि माझी आई गुडघ्याला पट्टा बांधून पाच मजले चढते, हे नाही सांगितलं. चावी देतानाच्या फोटोत सरकार, बँक, संस्था, सगळे होते. लिफ्टच्या पत्रव्यवहारात आप्पा एकटेच आहेत. मामा गप्प बसल्या. मला वाटतं त्यांना कळलं. आता आराखड्यात ‘दहा वर्षांनी देखभालीचा खर्च कोणाचा’ हा मुद्दा घ्याच म्हणून त्या हटून बसल्या आहेत, आणि मी तो टाइप करते.

लिफ्टच्या वर्गणीचे सहा हजार आणि वर एकोणीस, मिळून पंचवीस हजार बाळूच्या खात्यात टाकलेत. एकोणीस लग्नाच्या हॉलसाठी नाहीत, आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरसाठी आहेत. हॉलचे पुढच्या महिन्यात देते. आप्पा, हिशेब लिहून ठेवू नका, मला अवघडल्यासारखं होतं.

बाळूच्या लग्नाचं. मुहूर्त वैशाखातलाच पक्का करा, माझ्यासाठी अडवून धरू नका. मी चार दिवस येते. हळदीला नाही जमणार. कारण तुम्हाला न विचारता मी इथे आणखी एक वर्षाची सही केली. फोनवर तीनदा सांगायचं ठरवलं आणि तीनदा पोह्यांबद्दल बोलले. साताऱ्याच्या स्थळाला तूर्तास नाही कळवा. मुलगा चांगला असेल, माझं काही म्हणणं नाही. पण धाकट्याचं आधी होतंय म्हणून लोकांत वाईट दिसतं, हे आई आता पुन्हा म्हणू नको.

मोठ्या बॅगेत आईसाठी दोन लेसो घेतले आहेत, मामांनी निवडून दिले.

तुमची,
बेबी

ता. क. आपण इथल्यापेक्षा अडीच तास पुढे. परवा तू पहाटे साडेपाचला फोन केलास तेव्हा इथे रात्रीचे तीन होते, म्हणजे यांच्या भाषेत नऊ. मी दचकून उठले आणि तू विचारलंस, जेवलीस का. तरी करत जा.