अक्षताला, गोव्याच्या शर्यतीआधी

टिळकवाडी, बेळगाव

चि. अक्षता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर "बाबा, तुम्हाला त्या समुद्राशिवाय दुसरं काही दिसतच नाही," म्हणालीस आणि फोन ठेवलास. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तुझ्या ट्रायथलॉनमध्ये आधी समुद्रात पोहणं, मग सायकल, मग पळणं असलं तरी म्हणून या पत्रात समुद्र नाही, सायकलीचंच लिहितो.

मागच्या चाकाचं पंक्चर तुला अजून जमत नाही. गणपतीत आलीस तेव्हा जांबोटीच्या रस्त्यावर संतोषने काढून दिलं, शर्यतीत बाहेरच्या कुणाचा हात चालत नाही. आधी चेन सगळ्यांत लहान चक्रावर आण, मग चाक सैल कर. ट्यूब काढलीस की टायरच्या आतून बोट सावकाश फिरव. काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते, आणि दुसरं पंक्चर बहुतेक वेळा असंच होतं. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच ती आत घाल म्हणजे पिळा पडत नाही. टायरची शेवटची कड अंगठ्याने चढव, लिव्हरने, म्हणजे टायर काढायच्या पट्टीने चढवलीस तर ट्यूब चिमटते. दोन ट्यूब, दोन लिव्हर, चाकात झटकन भरायच्या गॅसची सोळा ग्रॅमची दोन कार्ट्रिज आणि छोटा पंप एवढं सीटखालच्या पिशवीत हवं. पंप राहू दे म्हणू नकोस, घाईत कार्ट्रिज वाया जातं. आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलीला हात लावायचा नाही.

वेगाचं एक सांगतो. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे जो वेग तुला सहज मिळाला तो पणजीत धरू नकोस. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वर चढते. ताशी पंचविसाने नव्वद किलोमीटरला ३ तास ३६ मिनिटं लागतात, ती पुरे आहेत. पुढे २१ किलोमीटर पळायचं आहे. त्यासाठी दर आठवड्याला एकदा सायकलीवरून उतरून लगेच वीस मिनिटं पळत जा. पहिली दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत, ते शर्यतीतच पहिल्यांदा कळायला नको.

खाणं ताशी साठ ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस असतात, शर्यतीत चोखायच्या गोड जेलच्या पाकिटातही तेवढीच. घड्याळात वीस मिनिटांचा गजर लाव, भुकेची वाट बघू नकोस. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, त्यात क्षार हवेतच. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं गरगरतं, आणि माणसाला वाटतं पाणीच कमी पडलं. सायकलीवर बसल्यावर पहिली दहा मिनिटं मात्र काही खाऊ नकोस, कारण पोटात खारं पाणी गेलेलं असतं.

शेवटी आलाच समुद्र. लिहितोच आता, रागावू नकोस.

तुझ्या पुण्याच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या. दर पंचवीस मीटरला भिंत येते, पाय रेटायला मिळतो, तळाला काळी पट्टी दिसते. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ, आपला हातही धड दिसत नाही. त्या कोमट पाण्यात वेटसूट, म्हणजे पोहायचा जाड रबरी पोशाख चालत नाही, त्यामुळे अंगाला तरंगवणारं काही नाही. दर आठ-दहा हातांना फक्त डोळे पाण्याबाहेर काढून बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा बघ. पूर्ण डोकं उचललंस की कंबर बुडते. वाकडं पोहून दोनशे मीटर सहज वाढतात.

आता हिशेब कर. पोहण्याला मुदत १ तास १० मिनिटं. तू शंभर मीटर २ मिनिटं ४० सेकंदांत जातेस, म्हणजे ५१ मिनिटं. वाकडेपणाची पाच-सहा मिनिटं धर. तरी तेरा मिनिटं उरतात. ती थांबण्यासाठी आहेत, अक्षता, वेळ मारण्यासाठी नाहीत. छाती आवळली, श्वास वरच्यावर येऊ लागला की उताणी हो आणि लांब श्वास सोड. घ्यायची घाई नको, आधी सोडायचा. माणूस घाबरतो तेव्हा पाण्यात श्वास धरून ठेवतो आणि वर आल्यावर सोडायला वेळ उरत नाही, गुदमर तिथून सुरू होते. तरीही बरं वाटलं नाही तर हात वर कर, मदतीची छोटी होडी, कयाक, येईल. ते धरून थांबलेलं चालतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे जायचं नाही. सुरुवातीला मागच्या गटात, कडेला उभी राहा. पहिली दोनशे मीटर सगळे उधळतात आणि बहुतेकांची छाती तिथेच भरते.

फार शिकवतोय ना? माफ कर. तुला पोहता येतं हे मला ठाऊक आहे. गोवावेसच्या तलावात कठड्याला धरून रडणारी तू, एका सकाळी कुणाला न सांगता आडवा तलाव पार करून पलीकडून हात हलवत होतीस. आक्काला अजून ते जमलेलं नाही. आजी त्या दिवशी शेजारच्या चार घरी सांगून आली. परवाही मंडईत कुणीतरी विचारलं, धाकटी काय करते, तर आईने तिन्ही अंतरं तोंडपाठ म्हणून दाखवली.

शशीकाकाचं नाव काढणार नाही असं आईला कबूल केलं होतं. खरं त्याचंही वय तेव्हा तुझ्याएवढंच होतं, आणि तो तुझ्याहून चांगला पोहायचा. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले १९८५ ते २०१६ मधले १३५ मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना डॉक्टरांनी तपासल्या, त्यातल्या ९० पोहताना घडल्या होत्या. शर्यतीत उतरणाऱ्या लाखोंच्या मानाने आकडा लहान आहे, तेही लिहितो. तुला भिववायला लिहीत नाही. ईसीजी, टूडी एको आणि ट्रेडमिलची टेस्ट, तिन्ही करून घे. घरात काय झालंय ते डॉक्टरांना सांग, विचारायची वाट बघू नकोस. सरावात छातीत दुखलं, पळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी सराव बंद. शर्यतीआधी ताप आला असेल तर उतरू नकोस. पैसे जाऊ देत.

पावसाळाभर समुद्र पोहण्याजोगा नसतो, शर्यत दिवाळीच्या आसपास, त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या सरावाला दिवस थोडेच मिळतात. तीन दिवस आधी गोव्यात पोच. जीवरक्षक असतील तिथेच आणि त्यांच्या वेळेतच उतर, एकटी नको. राकसकोपला सराव करीन म्हणालीस, ते मनातून काढ, ते गावाच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. शेवटचे दोन आठवडे सराव कमी कर, अंग जड वाटलं तरी वाढवू नकोस. शर्यतीच्या दिवशी नवा बूट, नवा गॉगल, नवं जेल काही नको. सकाळी तीन तास आधी उपमा आणि केळं. आई कुंदा बांधून देणार आहे, तो शर्यत झाल्यावर.

आम्ही चोर्ल्यामार्गे आदल्या दिवशी येतो. किनाऱ्यावर मी काही बोलणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. कमरेला बांधायचा नारिंगी फुगा घेतलास का? उघड्या पाण्यात सरावाला त्याशिवाय उतरू नकोस. आणि टेस्टचे रिपोर्ट आईच्या फोनवर पाठव, मी बघतो.