गेमिंग संगणकाच्या कोटेशनवर मदरबोर्डचे पूर्ण नाव हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत नव्या संगणकाचा विषय निघतो, आणि मुलांना तो गेम खेळण्याजोगाही हवा असतो. दुकानातून आलेल्या कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड अगदी आकड्यांनिशी लिहिलेले असते. मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाच्या, ओळीत मात्र नुसते ‘बी६५०’ किंवा ‘एच६१०’. हे चिपसेटचे, म्हणजे बोर्डावरच्या नियंत्रक चिपचे, नाव झाले, बोर्डाचे नव्हे. एकाच चिपसेटचे डझनभर बोर्ड बाजारात असतात आणि त्यांच्या गुणवत्तेत खूप अंतर असते. संगणक सहा-सात वर्षे चालवायचा असेल तर या ओळीकडे सर्वांत आधी पाहायला हवे. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड पुढे एकेक करून बदलता येतात. बोर्ड बदलायचा तर सगळा संगणक खोलावा लागतो.

पहिला प्रश्न सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या जागेचा. एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ मध्ये घेतलेले अनेक बी३५० बोर्ड बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डातच साठवलेली प्रणाली) अपडेट केल्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर चालवू शकतात. म्हणजे पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून गेमिंगचा वेग कितीतरी वाढला. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ साठी कंपनीने किमान २०२७ पर्यंत पाठिंब्याचे जाहीर आश्वासन दिले आहे. उलट इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट १२, १३ आणि १४ व्या पिढीनंतर थांबले. नव्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरांना वेगळे सॉकेट लागते. म्हणून नवा संगणक शून्यातून जुळवत असाल तर एएम५ घ्यावे. घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तरच जुन्या सॉकेटचा विचार परवडतो, कारण एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते.

आता व्हीआरएम. एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या एक-सव्वा व्होल्टवर आणणारे हे सर्किट सॉकेटच्या डाव्या बाजूला आणि वर असते. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो, १०५ वॅटचा १४२ पर्यंत. एवढ्या कमी व्होल्टवर याचा अर्थ ऐंशी ते सव्वाशे अँपिअर. व्हीआरएमवर हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, नसेलच तर नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत ते तापते, बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढतो आणि गेम मधूनच अडखळू लागतो. दोष मात्र ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. ए६२० या एएम५ च्या साध्या चिपसेटचे स्वस्त बोर्ड ६५ वॅटच्या सहा कोअर प्रोसेसरला पुरतात. पण पुढे आठ-बारा कोअर टाकायचे मनात असेल तर दोन-चार हजार जास्त देऊन व्हीआरएमवर दोन्ही बाजूंनी हीटसिंक असलेला बी६५० घ्यावा. लिक्विड कूलर लावणाऱ्यांनी विशेष जपावे: साध्या कूलरच्या पंख्याचा वारा व्हीआरएमलाही लागतो, लिक्विडमध्ये तो मिळत नाही. तिथे कॅबिनेटचा मागचा पंखा हवाच.

रंगीत दिवे, वाय-फाय, रॅमचे चार स्लॉट यांवर पैसे घालवू नयेत. डीडीआर५ च्या चार काड्या लावल्या की एएम५ वर वेग बराच खाली येतो. १६ जीबीच्या दोन काड्या, ६००० चा वेग, हे पुरेसे. बोर्डावर चार स्लॉट असतील तर काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात आणि बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावे, नाहीतर विकत घेतलेला वेग मिळतच नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटे पडदा काळा राहतो. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नये.

स्वस्त ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० यांसारखी कार्डे १६ ऐवजी ८ च लेन (बोर्डाशी माहितीच्या देवाणघेवाणीच्या वाटा) वापरतात. ती पीसीआयई (कार्डाच्या जोडणीचे मानक) ३.० वर, म्हणजे एएम४ च्या ए५२० किंवा बी४५० बोर्डावर लावली तर बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहण्याची क्षमता, ४.० च्या मानाने निम्मी होते आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की झटके जाणवतात. बोर्ड ४.० चा बी५५० असूनही प्रोसेसर रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी असेल तर परिणाम तोच, कारण ते प्रोसेसरच ३.० चे आहेत.

बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करणारे, बटण असलेला बोर्ड निवडावा. जुन्या बायोससह दुकानात पडून असलेला बी६५० रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर ओळखत नाही आणि डिस्प्ले येत नाही. फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न लावताही काम होते: एफएटी३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह, बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले फाइलचे नाव, २४ पिन आणि ८ पिन वीजजोडण्या, ठरलेला यूएसबी पोर्ट. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करावे.

एएम५ च्या पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात. पैसे देण्यापूर्वी दुकानातच मोबाइलच्या उजेडात त्या तिरक्या कोनातून पाहाव्यात. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि घरी आल्यावर ती कोणाकडून वाकली हे सिद्ध करता येत नाही. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लावूनच पाठवायचे असते. बिलावर बोर्डाचे पूर्ण मॉडेल, रेव्हिजन (आवृत्ती) आणि खोक्यावरचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. एकाच नावाच्या पुढच्या रेव्हिजनमध्ये व्हीआरएम बदललेले असू शकते.

आपला,
संगणक जुळणी व दुरुस्ती व्यावसायिक, नागपूर