डिव्हिडंड तर येतो ना!

बडोदे,
९ मार्च २०२५

प्रिय शैल,

परवा फोन ठेवला आणि ठरवलं की हिला आता पत्रच लिहायचं, कारण फोनवर तू मला सलग दोन वाक्यं बोलू देत नाहीस. ‘सगळे शेअर विकून एफडीत टाकते’ पासून निघालीस आणि शेवटी ‘मरू दे भाव, डिव्हिडंड तर येतो ना’ वर येऊन थांबलीस. पहिलं मला समजतं. माझं भांडण आहे ते दुसऱ्याशी.

आधी पडझडीचं. सप्टेंबरच्या शेवटी सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत गेला होता, २८ फेब्रुवारीला तो ७३,१९८ वर बंद झाला. निफ्टी सलग पाच महिने खाली आला, हे १९९६ नंतर पहिल्यांदाच झालं. परदेशी संस्था ऑक्टोबरपासून विकत सुटल्या आहेत. तेव्हा तुझ्या एकटीच्या पत्रिकेत काही वेगळं लिहिलेलं नाही. फक्त निर्देशांक १५ टक्के पडला की आपल्याकडचे छोटे शेअर कितीतरी जास्त आपटतात, आणि ते कुणी मथळ्यात छापत नाही.

बडोद्याचं म्हणशील तर दिवाळीपर्यंत इथे लिफ्टमध्येसुद्धा टिप मिळत होती. आमच्या सोसायटीतले एक काका रोज सव्वानऊला टीव्हीसमोर बसायचे, चहासुद्धा तिथेच. हल्ली बरोबर त्याच वेळेला ते कमाटीबागेत फिरायला जातात, मार्चच्या उन्हात! आणि शेजारची गुजराती मैत्रीण मला जिन्यात अडवून म्हणते, ‘बेन, भाव जाय तो जाय, डिविडंड तो आवे छे ने!’ म्हणजे तू ठाण्यात बसून जे म्हणतेस तेच.

आता तुझाच शेअर घे. चारशेला घेतलास, शंभर शेअर, चाळीस हजार रुपये. कंपनीने गेल्या वर्षी आपल्या नफ्यातून शेअरमागे १६ रुपये डिव्हिडंड दिला, म्हणजे ४ टक्के. आज भाव दोनशे. तुझा भाचा म्हणतो, मावशी, यील्ड (म्हणजे भावाच्या मानाने डिव्हिडंड) ८ टक्के झालं, आणखी घे. अगं, कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नाही! १६ चे १६ च आहेत, भागाकारातला खालचा आकडा अर्धा झाला, बस. तेही गेल्या वर्षीचे १६. यंदा किती देणार, देणार की नाही, हे संचालक मंडळ ठरवेल, आणि नाही दिले तर तू कुठेही दाद मागू शकत नाहीस. तुझ्या हातात १,६०० रुपये आले आणि भावात २० हजार गेले. बारा वर्षांचा डिव्हिडंड एका हिवाळ्यात. हा हिशेब तू वहीत मांडत नाहीस, कारण १,६०० चा मेसेज बँकेकडून येतो आणि २० हजारांचा कुणी पाठवत नाही.

भाव उतरल्यामुळे यील्ड फुगलेलं दिसलं की मला आधी शंका येते. बाजाराला बहुधा वास लागलेला असतो की पुढचा डिव्हिडंड कापला जाणार. कधी जमीन किंवा एखादा धंदा विकून एकदाच खास डिव्हिडंड दिलेला असतो आणि यील्डच्या यादीत तोच आकडा दरवर्षीचा असल्यासारखा बसतो. आणि पेपरातला ‘४०० टक्के लाभांश’ बघून हुरळून जाऊ नकोस. तो शेअरच्या दर्शनी किमतीवर असतो, बाजारभावावर नव्हे. दोन रुपयांच्या शेअरवर ४०० टक्के म्हणजे आठ रुपये, आणि भाव नऊशे असेल तर एक टक्कासुद्धा नाही. रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे डिव्हिडंड कुणाला द्यायचा ती यादी ठरते त्या दिवसाच्या, आधी घ्यायचा, डिव्हिडंड पक्का करून लगेच विकायचा, हेही तुझ्या भाच्याच्या डोक्यात असेलच. त्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानेच खाली उघडतो, त्याला म्हणावं.

आपल्या मनात डिव्हिडंड म्हणजे व्याज हे बसलं ते वडिलांच्या पिढीकडून. त्यांनी युनिट ट्रस्टची युनिट ६४ योजना अशीच जपली. दरवर्षी डिव्हिडंड जाहीर व्हायचा, युनिटचा भाव बाजाराऐवजी ट्रस्ट ठरवायचा, सगळं शांत. २००१ च्या जुलैत खरेदी-विक्रीच सहा महिन्यांसाठी थांबवली, तेव्हा कळलं की त्या भावाइतकी मालमत्ता मागे नव्हतीच. डिव्हिडंड मात्र तोवर वेळेवर येत होता.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील ही नुसती घाबरवते. कोल इंडिया २०१० मध्ये २४५ रुपयांना बाजारात आली. २०१५ मध्ये चारशेच्या वर गेली, २०२० मध्ये दीडशेच्याही खाली. या सगळ्या काळात डिव्हिडंड भरपूर, तरी लोक शिव्या घालत होते. मग २०२४ मध्ये तीच पाचशेच्या वर. ज्यांनी दीडशेच्या खाली वैतागून विकली त्यांचं काय झालं असेल? पण तिथे कोळसा खपत होता, नफा होत होता, कर्जाचा बोजा नव्हता. सरकारलाही आपल्या कंपन्यांकडून पैसा हवा असतो. नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं त्याच्या) ४ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा तरी डिव्हिडंड त्यांनी द्यावा, असा नियमच आहे. तुझ्या त्या दोनशेवाल्या कंपनीचा नफा मी पाहिला. दोन वर्षं उतरतोय आणि कर्ज चढतंय. नफ्यापेक्षा जास्त डिव्हिडंड वाटलाय. कुठून आणला असेल?

ब्रोकरकडून तुला ‘मॅडम, ॲव्हरेज करा’, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेऊन सरासरी खाली आणा, म्हणून फोन येतात म्हणालीस. मलाही एक मुलगा करतो, गोड बोलतो. मी त्याला विचारलं, हा शेअर माझ्याकडे नसताच तर आज घ्यायला सांगितला असतास का? तर म्हणाला, मॅडम, विचारून सांगतो. अजून विचारतोच आहे.

कराचंही बघ. २०२० पर्यंत कर कंपनी भरायची, आपल्या हातात डिव्हिडंड बिनकराचा यायचा. आता तो आपल्या उत्पन्नात धरतात. मार्च २०२५ पर्यंत एका कंपनीकडून वर्षाला पाच हजारांच्या वर गेला की १० टक्के कापून येतो. या बजेटप्रमाणे एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा हजार होतेय. तुझा एकूण कर शून्य येत असेल तर कर कापू नका असं सांगणारा १५ एच फॉर्म भरून दे, दरवर्षी विसरतेस.

आणि विकणारच असशील तर याच महिन्यात, आर्थिक वर्ष संपायच्या आत विकून टाक. सोन्याच्या फंडात तुला जो लाँग टर्म फायदा झालाय, त्यातून हा लाँग टर्म तोटा वजा होईल. उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, फक्त रिटर्न वेळेत भरायला हवं. ३१ तारखेला ईदची सुट्टी आहे, म्हणजे २८ तारीख शेवटची.

आता खरं महत्त्वाचं. तुझ्या बाबांनी घेऊन ठेवलेली ती कागदी सर्टिफिकेटं, माहेरच्या नावाची. त्यांचा डिव्हिडंड कुठे जातो, हे तुला विचारलं तर तू हसलीस. हसू नकोस. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही तर तो आणि त्यामागचे शेअरही सरकारच्या आयईपीएफमध्ये, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या निधीत जातात. परत मिळतात, पण आयईपीएफ-५ फॉर्म भरा, कंपनीकडे कागद पाठवा, आणि आपल्या बायकांचं तर निराळंच: लग्नानंतरचं नाव, जुनी सही, विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र. माझ्या वहिनीला आडनावातल्या एका अक्षरावरून कागद परत आले होते. फॉर्मला पैसे लागत नाहीत, टक्केवारी मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नकोस. कंपनीचं नाव आज दिसत नाही म्हणून कागद रद्दीतही टाकू नकोस. आमच्या बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीचंच बघ, २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली आणि पाच शेअरला रिलायन्सचा एक मिळाला. गल्लीतल्या कितीतरी कपाटांत ते कागद अजून असतील.

गुरुवारी होळी. पुरणाचा घाट घालण्याआधी सुनेला सांगून त्या सर्टिफिकेटांचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव, फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा खाते क्रमांक, नीट दिसला पाहिजे. सोबत तुझ्या सगळ्या शेअरची यादी, घेतलेला भाव आणि तारीख. डिव्हिडंडचा रकाना नको, तो मी बघणार नाही.

तुझी,
कुंदा