बटणं कमी झाली, रांग वाढली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या संगणकप्रणालीमुळे काउंटरवरचं काम झटपट होणार, अशा घोषणा वरचेवर छापून येतात. त्या वाचल्या की मला अमेरिकेतल्या 'नायनेक्स' कंपनीच्या टेलिफोन ऑपरेटर आठवतात. ही हकिगत मला माझ्या भाचीने सांगितली. ती संगणकशास्त्र शिकते. मी जन्मभर ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देणाऱ्या केंद्रात, नोकरी केली, त्यामुळे ती हकिगत मला लगेच पटली.

कंपनीला ऑपरेटरांसाठी नवी यंत्रं घ्यायची होती. बटणं कमी, पडदा चपळ, त्यामुळे कॉलमागे ४ सेकंदांपर्यंत वाचतील असा अंदाज होता. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवूड या संशोधकांनी एकेका कॉलचा तक्ता काढला. ग्राहकाचं बोलणं, ऑपरेटरचे डोळे, हात, तोंड आणि यंत्र यांना वेगवेगळ्या ओळी. कोणतं काम कशासाठी खोळंबतं, ते रेघांनी जोडलेलं. तक्ता म्हणाला, नव्या यंत्रावर कॉल उलट अर्ध्या सेकंदाहून जास्त लांबेल, म्हणजे वर्षाला सुमारे २० लाख डॉलरचा फटका. प्रत्यक्ष चाचणीतही तेच निघालं. १९९३ मध्ये हे प्रसिद्धही झालं.

वाचलेली बटणं ग्राहक बोलत असतानाची होती, तेव्हा ऑपरेटरला सवड असतेच. उलट एक बटण कॉलच्या शेवटाकडे सरकलं, जिथे बाकी सगळं त्याच्यासाठी अडून राहतं. आम्हीही कॉलच्या बुकिंगला बसलो की ग्राहकाचं 'अर्जंट, पीपी' (म्हणजे ठरावीक व्यक्तीलाच जोडायचा कॉल) हे कानावर पडेस्तोवर नोंदीच्या तिकिटावर पेन्सिल चाललेली असायची.

आता इथलं बघा. एका सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी गेले होते. अख्खा अर्ज भरून झाल्यावर ओटीपी मागतात. माझ्या पुढच्या आजोबांचा मोबाइल सुनेकडे, घरी. फोनाफोनी होईस्तोवर पडदा कोरा, पुन्हा नावापासून सुरुवात. काउंटरवरच्या बाईंनी शेवटी स्वतःच तोडगा काढलाय: रांगेत येऊन आधीच विचारतात, "आधारला जोडलेला मोबाइल जवळ आहे ना?" प्रणाली बनवणाऱ्यांना हे सुचू नये?

सॉफ्टवेअरची निविदा काढण्याआधी निदान एका काउंटरचा असा तक्ता करून घ्यावा आणि तो करताना अशा एखाद्या बाईंना शेजारी बसवावं. सेकंद मोजायचे ते कर्मचाऱ्याच्या मागे लागायला नव्हेत, एवढं मात्र पाळावं.

– एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सातारा