शमुवेल, आधी ताईचा हिस्सा

जालना
नोव्हेंबर

प्रिय शमुवेल,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र पोहोचलं. रात्री जेवणं झाल्यावर मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग बराच वेळ आम्ही नवरा-बायको त्यावरच बोलत बसलो. नोकरी सोडून सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याच्या शिक्षणाला, जायची तुझी ओढ खरी आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हॉस्टेलात होतो तेव्हापासून तू असाच आहेस. वाट्याला येणारी जमीन विकून तो पैसा सुवार्तेच्या कामाला द्यायचा, हा विचारही तुलाच सुचावा. पण एवढ्या लांबलचक पत्रात ताईबद्दल फक्त एक ओळ आहे. "वारस नोंदीचं आणि ताईच्या हक्कसोडपत्राचं दादा बघतोय." हक्कसोडपत्र म्हणजे बापाच्या जमिनीतला तिचा वाटा तिनं तुम्हा भावांना सोडून देणं. मला त्या ओळीवरच लिहायचंय. राग मानू नको, आणि आलाच तर पत्र पूर्ण वाचून मग ये.

तू विचारतोस, देवाची इच्छा ओळखायची कशी? बायबलात लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला जवळजवळ हेच विचारतात, की मग आम्ही काय करावं? योहान स्वतः रानात राहणारा, उंटाच्या केसांचं वस्त्र घालणारा. सगळं सोडून माझ्यामागं रानात या, असं तो म्हणाला असता तरी नवल नव्हतं. पण तसं तो म्हणालाच नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा, एवढंच. जकातदारांना सांगितलं, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितलं, कुणावर जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना. नाका सोडून दे असं जकातदाराला सांगितलं नाही की भाला टाकून दे असं शिपायाला सांगितलं नाही. ज्याचा हात जिथं रोज पोहोचतो, तिथंच त्यानं बोट ठेवलं. तू त्या गर्दीत उभा असतास तर तुला तो काय म्हणाला असता? मला वाटतं, सेमिनरीचं नाव काढायच्या आधी त्यानं तुला सातबारा दाखवायला सांगितलं असतं.

सध्या आमच्याकडे कापसाची वेचणी चालू आहे. बाया संध्याकाळी आपापली गाठोडी घेऊन बांधावरच्या लिंबाखाली जमतात, फांदीला काटा टांगलेला असतो. वेचणी किलोवर. काट्यावर बत्तीस किलो सातशे आलं तर बऱ्याच वावरांत वहीत बत्तीसच लिहितात, वरचं ओल आणि कचऱ्यात गेलं म्हणून. एका बाईचं काही फार जात नाही, पण वीस बाया आणि महिनाभराची वेचणी धरली तर ते चोरीचं गाठोडं किती मोठं होतं ते बघ. माझी बायको वही घेऊन बसते, काट्यावर असेल तेवढं लिहिते आणि आकडा मोठ्यानं वाचते. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको, ही आज्ञा लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. खरा तराजू आणि खरी वजनं ठेवा, हेही त्याच अध्यायात. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हे आपल्याला तोंडपाठ असलेलं वचनसुद्धा त्याच अध्यायातलं, मजुरीच्या आणि तराजूच्या मधोमध. आम्ही रोजची मजुरी रोज देऊ लागलो तेव्हा बायाच म्हणाल्या, "रोजचा पैसा घरी गेला की दारूत जातो, आम्हाला बाजारच्या दिवशी एकदम द्या." मग आता प्रत्येकीच्या नावाचं पाकीट करून ठेवतो. पैसा आमच्या कपाटात असला तरी तिचा आहे, मागेल त्या घडीला तिनं न्यावा.

विकतानाचं तर तुला माहीतच आहे. गाडी भरली की वजन वाढावं म्हणून लोक रात्री कापसावर पाणी मारतात. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. खासगी व्यापारी सगळेच पाणी मारतात असं धरून चालतो आणि सरसकट भाव पाडतो. कोरडा कापूस नेणाऱ्याचं वजनही कमी भरतं आणि भावही पडलेलाच मिळतो. थोरला पोरगा यावरून दरसाल चिडतो. त्याचं चिडणं खोटं नाही, कारण ते नुकसान आमच्या घरातूनच जातं. मी त्याला सांगतो, देवळात आपण ज्याला प्रभू म्हणतो त्याला काट्यापाशीही प्रभूच म्हणायचं.

हे एवढं लिहिलं ते अशासाठी, की तुझ्यापुढे आत्ता जो काटा टांगलाय तो तुमच्या नऊ एकरांचा आहे.

तुझे वडील, आमचे काका, मृत्युपत्र न करता गेले. आपल्या ख्रिस्ती लोकांना वारसाहक्काला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेदच नाही. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं लेकरांत सारखं. म्हणजे काकूंचे तीन एकर, आणि दादा, ताई, तू यांचे दोन-दोन. केरळात जुन्या त्रावणकोर कायद्यामुळे ख्रिस्ती मुलींना बरोबरीचा वाटा मिळत नव्हता. मेरी रॉय त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि 1986 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आपल्याकडे ते भांडायची पाळी कुणावर आली नाही. कायदा पहिल्यापासून ताईच्या बाजूनं आहे, म्हणून तर तिची सही लागते. तिचं काही नसतं तर हक्क सोडायला तिला कुणी बोलावलंच नसतं.

शास्त्र काय म्हणतं ते तू माझ्याहून जास्त वाचलंयस. सलाफहादाच्या पाच मुली महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागितला. मोशेनं ते परमेश्वरापुढे नेलं. उत्तर आलं, मुली म्हणतात ते बरोबर आहे. दादा म्हणेल, त्यांना भाऊ नव्हते. खरं आहे. मग ईयोबाचा शेवटचा अध्याय काढून दाखव. त्याच्या मुलींना भाऊ होते, चांगले सात, आणि तरी बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वतन दिलं.

आणि आपण कोणाची लेकरं आहोत तेही आठव. नारायण शेषाद्री 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण गृहस्थ. पुढं ते आपल्या जालन्याला आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथं घर मिळालं, कसायला वावर मिळालं. आपल्या खापरपणज्यांच्या नावावर त्याआधी कुठल्या गावात हातभर जमीन होती? त्यांच्यासाठी सुवार्ता पायाखालच्या मातीसकट आली. ती माती आता आपण आपल्याच पोरींच्या हातातून काढून घ्यायची, हे मला सहन होत नाही, शमुवेल.

तू म्हणशील, ताई स्वतःच नको म्हणते. म्हणते खरी. कापणीच्या सणाला ती अंबडहून आली होती. देवळापुढच्या मांडवात अर्पणांचा लिलाव चालला होता, कुणी भोपळा आणला होता, कुणी कोंबडं, कुणी बाजरीची कणसं. ताईनं घरच्या तुरीच्या शेंगा पदरात बांधून आणल्या होत्या. त्या तिनं टेबलावर ठेवल्या आणि मागं येऊन माझ्या बायकोशेजारी बसली. जावयांच्या डायलिसिसचं बोलणं निघालं, आठवड्यातून दोनदा जालन्याला यावं लागतं म्हणाली. मग वावराचा विषय आला. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, "वहिनी, सही नाही केली तर नाताळला मी कुठं जाऊ?"

हे तिचं 'नको' आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी बहिणी हेच 'नको' म्हणतात, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत. माहेरची चार दिवसांची भाकर, भावाच्या लेकरांचं 'आत्या आली' म्हणून धावत येणं, एवढ्यासाठी त्या दोन-दोन एकर सोडून देतात आणि आपण त्याला तिची राजीखुशी म्हणतो. तिची खरी मर्जी कळून घ्यायची असेल तर आधी तिचं नाव सातबाऱ्यावर लागू दे. 'नाताळला आम्ही तुला आणायला येणार, सही असो नसो', हे तू आणि दादानं तिला तोंडानं सांगा. त्यानंतरही तिनं काही द्यायचं म्हटलं तर ते तिचं दान होईल.

काकू म्हणतात, लग्नात दिलंय की तिला. दिलं असेल. दादाच्या डी.एड.ला दिलं, तुझ्या इंजिनिअरिंगला दिलं, ते कुणी वाट्यातून कापलं का? काकूंशी हे बोलताना आवाज चढवू नको. नवऱ्यामागं दोन्ही पोरं एकत्र राहावीत एवढीच त्या माउलीची धडपड आहे.

आता तुझ्या दानाचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. ताईनं हक्क सोडला की काकूंचे तीन वगळून उरलेले सहा एकर तुम्हा दोघा भावांत पडतात, म्हणजे तुझ्या दोनाचे तीन होतात. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून आपल्या पट्ट्यातल्या जमिनीला काय भाव आलाय ते तुला ठाऊक आहे. ते तीन एकर विकून तू सुवार्तेला देशील तेव्हा त्यातला एक एकर ताईचा असेल. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, नेमकं ह्यावरच बोलला. आईबापाला ज्याचा उपयोग व्हायचा, ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं म्हणून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यांच्या त्या दानावर तो प्रसन्न झाला नाही, तुम्ही देवाचं वचन रद्द करता असं म्हणाला. शमुवेल संदेष्ट्याच्या नावावरून काकांनी तुझं नाव ठेवलं. त्याच शमुवेलानं शौल राजाला विचारलं होतं, परमेश्वराला होमबलींनी जास्त आनंद होतो की त्याचा शब्द ऐकल्यानं? यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. शौलानंही लुटीतली चांगली चांगली मेंढरं देवासाठीच राखून ठेवली होती.

तू वाईट हेतूनं काही करतोयस असं मी म्हणत नाही. दादा बघतोय म्हणून तू बघितलं नाहीस, इतकंच झालंय. धाकट्यानं मोठ्यापुढं बोलू नये ही आपल्या घरांची रीत, आणि एरवी ती चांगली आहे. पण इथं गप्प राहणं म्हणजे सहीच करणं आहे.

दादाशी कसं बोलायचं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. फोनवर नको. वकिलाची नोटीस तर मुळीच नको. गावी ये, वावरात जा त्याच्याबरोबर. हिशोब तुझ्या स्वतःपासून सुरू कर, 'मी दोनच एकर घेणार, तिसरा माझा नाही' एवढं म्हण आणि थांब. त्याला लगेच उपदेश करू नको, वचनं तर अजिबात फेकू नको. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि दोन पोरी लग्नाच्या आहेत, त्या काळजीनं तो हात आवळून बसलाय. पाहिजे तर तुझे दोन एकर तूर्तास त्यालाच कसायला दे. विकायची घाई कशाला? वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय. अर्पण तिथंच राहतं, कुणी उचलून नेत नाही. सेमिनरीचंही तसंच धर.

सेमिनरीत जाऊच नको असं मात्र माझ्या पत्रातून काढू नको. माझं मन म्हणतं, तू जाशील. पाळक म्हणून एखाद्या मंडळीत उभा राहिलास, तर अशीच घरं तुझ्यापुढं बसलेली असतील, एका बाकावर भाऊ आणि मागच्या बाकावर सही करून आलेली बहीण. त्या दिवशी तुला बोलता आलं पाहिजे.

नाताळच्या आधी आठवडाभराची रजा टाक. येताना काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आण, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र इथं तहसीलच्या बाहेर करून घेऊ. तलाठ्याकडं मी तुझ्याबरोबर येतो. वारस नोंदीत चारही नावं लागली की फेरफार मंजूर व्हायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात तू परत कामावर जा. सेमिनरीच्या अर्जाला मंडळीचं शिफारसपत्र लागेल, त्याचं पाळकसाहेबांशी मी बोलून ठेवतो. आणि ताईला आजच फोन कर. दिवसा ती मशीनवर बसलेली असते, घेत नाही. सातनंतर लाव. जावयांची तब्येत आधी विचार.

घरच्यांचा तुला आणि वहिनींना सलाम, लेकरांना पापा.

तुझा,
प्रकाश