आवे वेरुमच्या तालमीआधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

मोट्सार्टचं ‘आवे वेरुम कॉर्पुस’ हे छोटं लॅटिन भक्तिगीत तुझ्या गायकवृंदाकडून बसवायला घेतलंस, फार बरं वाटलं. व्हिएन्नाजवळच्या बाडेनमध्ये चर्चचा गायकवृंद सांभाळणाऱ्या आंटोन श्टोलसाठी त्यानं हे जून 1791 मध्ये लिहिलं, कॉर्पुस क्रिस्टी या कॅथलिक सणासाठी. 46 बार (म्हणजे तालाची मापं), चार आवाज (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास), तंतुवाद्यं आणि ऑर्गन, बस्स. लहान गावातल्या गळ्यांना झेपेल असंच आहे, पण इतक्या संथ आणि हळू गाण्यात काहीच झाकलं जात नाही.

संचालन करताना हाताचे ठोके बारमागे दोनच दे, चार नको. चार दिलेस की प्रत्येक अक्षरावर वजन पडतं आणि ओळ तुटते. मिनिटाला साधारण पंधरा बार झाले की तीन मिनिटांत संपतं. सुरुवातीला ‘सोत्तो वोचे’ लिहिलंय, म्हणजे दबक्या आवाजात. वीस गायकांमागे पहिली-दुसरी व्हायोलिनं दोन-दोन, व्हिओला, चेलो आणि डबल बास एकेक पुरे. बो, म्हणजे गज, फिंगरबोर्डच्या (बोटं ठेवायच्या पट्टीच्या) बाजूला ठेवून हलका ओढायला सांग.

सूर उतरणं हा इथला नेहमीचा रोग. हळू गाताना श्वासाचा आधार सुटतो, म्हणून तो उतरतो. पाश्चात्य ‘डी’ हा सूर षड्ज धर. सोप्रानोंच्या पहिल्याच ओळीत पंचमावरून तीव्र मध्यम, मग लगेच शुद्ध मध्यम येतो. ललित ऐकलेल्या कानाला ही जोडी ओळखीची आहे, पण इथे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नको. दोन्ही सूर स्वच्छ वेगळे हवेत, नाहीतर खालची सगळी स्वरसंगती गढूळ होते. तानपुरा डीला लावून ही एवढीच ओळ दहा वेळा गाऊन घे.

दुसरी अवघड जागा ‘कुयुस लातुस पेरफोरातुम’. ही ओळ एफ मेजर या वेगळ्या स्वरमेळात जाते, म्हणजे आतापर्यंतचा शुद्ध गंधार कोमल होतो. कान जुन्याच सुरात अडकले तर मधले आवाज चढे लागतात. आल्टो आणि टेनरना आधी वेगळं बसव, मग सगळ्यांना एकत्र आण.

लॅटिनच्या उच्चारात आपली मुलं पुढे असतात. ‘नातुम’मधला त आपलाच दंत्य त, इंग्रजी वळणाचा ट नाही. ‘पास्सुम’मधला स ‘रस्सा’सारखा दुहेरी. ‘क्रुचे’ इटालियन पद्धतीनं म्हणायचं तर च ‘चिंच’मधला. ऑस्ट्रियन पद्धत हवी असेल तर ‘चोर’मधला च, तोही आपल्याकडे तयारच आहे. दोन्हींपैकी एकच ठरव आणि शेवटपर्यंत तीच ठेव. ‘कॉर्पुस’चा शेवटचा स फक्त आल्टोंना म्हणू दे. वीस जण म्हणाले की फुसकारा ऐकू येतो. ‘वेरुम’चा म लवकर मिटू नको, ओठ मिटले की सूर विझतो.

‘एस्तो नोबिस’ला स्त्रिया आधी आणि पुरुष मागोमाग येतात. पुरुषांनी स्त्रियांची वाट पाहू नये, तुझ्या डाव्या हाताकडे पाहावं. तो हात श्वासाच्या जागीच वर ने, म्हणजे उचल एकत्र लागेल. ‘मोर्तिस’ लांबतं, तिथे श्वास आळीपाळीनं घ्या. शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांनी एकदम घ्यायचा नाही.

आवाज थांबल्यावर तंतुवाद्यांचे काही बार उरतात. ते संपेपर्यंत हात खाली आणू नकोस, फायलीही मिटू देऊ नकोस.

तुझी आई